काचेचा हाडवैद्य

लग्नकार्यात भेटणाऱ्या माणसांचे दोन वर्ग असतात. आपण पोटापाण्यासाठी काय करतो हे ठाऊक असणारे, आणि ते विचारणारे. माझ्या बाबतीत पहिला वर्ग अजून जन्माला यायचा आहे. "सध्या काय करता?" या प्रश्नाला मी "फायबरचे स्प्लायसिंग आणि टेस्टिंग" असे खरे उत्तर देऊन टाकतो, तेव्हा विचारणारे गृहस्थ "वा, छान, छान!" म्हणून जिलबीच्या ताटाकडे वळतात. आमच्या सासूबाईंनी हा प्रश्न आपल्यापुरता केव्हाच सोडवला आहे. त्या शेजारणींना सांगतात, "जावई टेलिफोनात आहेत." मेहुणे मला वायरमन समजतात आणि दर दिवाळीला आकाशकंदिलाचा होल्डर माझ्या हाती देतात. चिरंजीवांनी शाळेच्या निबंधात लिहिले होते, 'माझे बाबा काच चिकटवतात.' या सर्वांत चिरंजीवांचे उत्तर सत्याच्या सर्वांत जवळ आहे. फक्त मी काच चिकटवत नाही, वितळवून एकजीव करतो. मोडलेले हाड हाडवैद्य जसे जुळवून बसवतो, तसा मी तुटलेला काचेचा तंतू जुळवतो. कोल्हापूरकडे हाडवैद्याला मान फार, म्हणून मी आपला तोच शब्द घेतला.

या सदरात निरनिराळ्या पेशांची मंडळी येऊन आपली कहाणी सांगून जातात. यंदा दिवाळी अंकासाठी संपादकांनी मला गाठले. लेखणीचा सराव नाही, पण बारीक काम करायची सवय आहे, म्हणून बसलो आहे.

तुमच्या हातातला मोबाइल बिनतारी आहे असे तुम्ही समजता. तो बिनतारी असतो फक्त जवळच्या मनोऱ्यापर्यंत. मनोऱ्याच्या पायथ्याशी तुमचा आवाज, तुमच्या नातवाचा फोटो, विजेच्या बिलाचे पैसे, हे सारे बहुधा जमिनीत शिरते आणि काचेच्या तंतूतून, प्रकाशाच्या रूपाने, पुढच्या गावी जाते. हा तंतू सव्वाशे मायक्रॉन जाड, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. आपल्या केसापेक्षा थोडासाच जाड म्हणाना. पण प्रकाश त्या सगळ्यातून जात नाही. तो जातो मधल्या गाभ्यातून, आणि हा गाभा आहे सुमारे ९ मायक्रॉनचा. एका केसाच्या जाडीत असे सात-आठ गाभे शेजारी शेजारी मावतील. तंतू तुटला की या गाभ्यासमोर तो गाभा आणून बसवायचा, तोही पावसात, रस्त्याकडेला, शेजारून ट्रक जात असताना. हा माझा उद्योग.

डोळ्यांनी हे साधत नाही. साधते ते यंत्राने, आणि यंत्राचे काम जेमतेम काही सेकंदांचे असते. दोन टोके समोरासमोर ठेवली की ते आपण होऊन जुळवते, दोन सुयांमधून विजेची ठिणगी पाडते आणि काच काचेत मिसळते. मग पडद्यावर आकडा येतो, या जोडात प्रकाशाची किती गळती होईल त्याचा. पाहणाऱ्याला वाटते, यात माणसाचे काय काम? माणसाचे काम ठिणगीच्या आधी असते. तंतूवरचा रंगीत लेप खरवडून काढायचा. उघडी काच स्पिरिटात भिजवलेल्या फडक्याने पुसायची, ती 'चूं' असा बारीक आवाज करीपर्यंत. स्वच्छ घासलेल्या काचेच्या पेल्यावर ओले बोट फिरवले की जो आवाज येतो, त्याचाच हा धाकटा भाऊ. मग क्लीव्हर नावाच्या छोट्या अवजाराने टोक असे छाटायचे की कापलेली बाजू काटकोनात यावी. एखाद्या अंशाचाही फरक जोडाला बाधतो. धुळीचा एक कण, बोटाचा एक पुसटसा ठसा, आणि सारे मुसळ केरात. शेवटी जोडावर पोलादी काडी घातलेली एक छोटी नळी सरकवून गरम करायची, म्हणजे ती आवळून बसते. ही नळी आधीच तंतूवर ओवून ठेवावी लागते. नवशिके ती विसरतात, आणि सुंदर जोड झाल्यावर नळी हातात धरून एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात.

तंतूंना रंग असतात, आणि रंगांना क्रम. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी आणि बारावा फिकट निळा. हा आमचा पाढा. झोपेतून उठवून विचारले तरी चुकता कामा नये, कारण रात्री विजेरीच्या उजेडात राखाडी नि पांढरा सख्खे भाऊ दिसतात. एकाला दुसरा जोडला तर जोड उत्तम, पण एका बँकेचा व्यवहार भलत्याच दारी जाऊन उभा.

आमच्या सौ.चे या धंद्याशी एकच भांडण आहे, ते छाटलेल्या तुकड्यांवरून. टोक छाटले की काचेचा एक बारीक काटा सुटतो. तो दिसत नाही, आणि बोटात गेला तर निघत नाही. डोळ्यात किंवा पोटात गेला तर विचारूच नका. म्हणून आम्ही प्रत्येक काटा चिमट्याने उचलून झाकणाच्या डबीत टाकतो, कामाच्या जागी खात-पीत नाही, आणि माझे कामाचे कपडे घरात वेगळ्या बादलीत पडतात. मुले लहान होती तेव्हा कामावरून आल्यावर कपडे बदलून हात धुतल्याशिवाय मला त्यांना उचलून घ्यायची परवानगी नव्हती. त्या वेळी राग येई. आता नव्या पोरांना मी हाच नियम सांगतो, आणि तो आमच्या घरातल्या वरिष्ठांकडून आला आहे हे सांगत नाही. स्पिरिटाच्या बाटलीचीही एक गंमत आहे. नाकाबंदीवर पोलिसाने पिशवी उघडली की आधी बाटली हुंगतो, मग माझे तोंड हुंगतो, आणि दोन्हींचा मेळ बसेना म्हणून गोंधळतो.

हे काम मला शिकवले नानांनी. नाना टेलिफोन खात्यात केबल जोडणारे होते, तांब्याच्या जमान्यातले. कागद गुंडाळलेल्या शेकडो तारा, वर शिशाचे कवच. तारांना जोडीजोडीने हाताने पीळ द्यायचा, आणि शेवटी वितळलेले शिसे फडक्याने फिरवून फिरवून सांधा असा गोल करायचा की आत पाण्याचा थेंब जाऊ नये. नानांच्या तळहाताला भाजल्याचे जुने डाग होते. १९७९ साली भारतातली पहिली काच-तंतूंची टेलिफोन जोडणी झाली ती पुण्यात, शहरातल्याच एक्सचेंजांच्या दरम्यान. नाना तेव्हा पुण्यात होते, पण त्या कामावर नव्हते. "आम्ही लांबून बघितलं," ते सांगत. "वाटलं, ही काच चार पावसाळे काढणार नाही." काचेने चाळिसाहून अधिक काढले. नानांनी मात्र पन्नाशीजवळ नवे काम शिकून घेतले, आणि तांब्याची एक सवय काचेत आणली. ती पुढे सांगतो.

काचेवर अविश्वास दाखवणारे नाना एकटे नव्हते. १९६०च्या सुमारास उत्तमातली उत्तम काच घेतली तरी तीन मीटरांत निम्मा प्रकाश खलास होत असे. १९६६ साली इंग्लंडमध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम या दोघांनी हिशेब मांडून दाखवला की दोष काचेचा नाही, तिच्यातल्या अशुद्ध कणांचा आहे. काच शुद्ध करा, प्रकाश मैलोगणती जाईल. चारच वर्षांनी, १९७०मध्ये, अमेरिकेत कॉर्निंगच्या तिघा शास्त्रज्ञांनी तशी काच ओढून दाखवली. आज आम्ही जोडतो त्या तंतूत १५ किलोमीटर गेल्यावरही निम्मा प्रकाश शिल्लक असतो. खिडकीची काच इतकी नितळ असती तर, असा विचार मी कधी कधी करतो. मग आठवते की खिडकी पुसायची आपलीच असते. काओंना २००९ साली नोबेल मिळाले. त्यांच्याही आधी, १९५४ साली, लंडनमध्ये तंतूंच्या जुडीतून चित्र पलीकडे नेऊन दाखवणाऱ्यांत आपले पंजाबचे नरिंदरसिंग कपानी होते. त्यांचे नाव त्या यादीत नव्हते याची हळहळ आमच्या धंद्यातल्या पुष्कळांना अजून वाटते. मलाही वाटते.

असो. जोडण्याइतकेच मोठे काम तपासण्याचे. त्यासाठीच्या यंत्राला ओटीडीआर म्हणतात. नाव लांब आहे, काम सोपे आहे. घाटात धुके असताना गाडीचे दिवे लावा. थोडा उजेड परत तुमच्याच डोळ्यांवर येतो. काचेतही असे अतिसूक्ष्म धुके असते. यंत्र एका टोकाकडून प्रकाशाचा ठोका सोडते आणि मागे परतणारा अंधुक उजेड मोजत बसते. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर. अकरा किलोमीटरवर तंतू तुटला असेल तर तिथली खबर सेकंदाच्या नऊ हजाराव्या भागात परत येते. त्यावरून यंत्र आलेख काढते: जिन्याच्या कठड्यासारखी हळूहळू उतरणारी रेघ, जोड असेल तिथे छोटी पायरी, आणि तुटले असेल तिथे कडा.

पण या यंत्रालाही लहर आहे. कधी कधी जोडाच्या जागी रेघ खाली उतरण्याऐवजी वर चढते. म्हणजे जोडातून जाताना प्रकाश वाढला! फुकट पैसे मिळाल्यासारखे वाटते. पहिल्यांदा हे पाहून मी आनंदाने नानांना हाक मारली, तर त्यांनी मान वर न करता म्हटले, "दुसऱ्या टोकाला जा नि तिथून बघ." गेलो. तिथून तोच जोड भली मोठी गळती दाखवत होता. कारण समजल्यावर अगदी साधे. जोडाच्या पलीकडची काच अलीकडच्या काचेपेक्षा प्रकाश जरा जास्त परत फेकणारी असली की एका बाजूने नफा दिसतो, दुसऱ्या बाजूने तेवढाच फुगवलेला तोटा. दोन्हींची सरासरी काढली की खरी गळती हाती येते. तांब्याची तार तपासतानाही नाना दोन्ही टोकांना माणूस ठेवत. ती त्यांची सवय. अर्थात दुसऱ्या टोकाला जायचे म्हणजे दुसरा माणूस, दुसरे यंत्र, पेट्रोल आणि अर्धा दिवस. म्हणून ठेकेदारांना नानांची सवय फारशी आवडत नसे.

आमच्या कामाचा हंगाम पावसाळा. दिवाळीच्या चार दिवसांत खोदकामे बंद असतात, त्यामुळे आमचीही दिवाळी होते. उंदरांना मात्र सुट्टी नसते, आणि केबलचे कवच त्यांना का आवडते हे त्यांनाच ठाऊक. पावसाळ्यात दरडी, चर, गटारे, आणि जिकडेतिकडे खोदणारी यंत्रे. खोदण्याआधी जमिनीखाली काय आहे ते विचारून घ्यावे म्हणून सरकारने मार्च २०२३मध्ये एक ॲप काढले. ॲप चांगले आहे. पण दरड ते ॲप पाहून कोसळत नाही.

त्याच वर्षीच्या जुलैतली गोष्ट. कोल्हापूरहून रत्नागिरीला जाताना आंबा घाट लागतो. दोन दिवस पाऊस धरून होता. मोठ्या केबलला नेहमी दोन वाटा ठेवतात, नाकाला दोन पुड्या असतात तशा. एक बंद पडली तर दुसरीने श्वास चालतो. त्यातली एक वाट आदल्या दिवशीच दुसरीकडे दरडीखाली गेली होती. तिसऱ्या प्रहरी घाटातली दुसरीही गेली, आणि खालच्या कित्येक वाड्यांचे मोबाइल मुके झाले.

आम्ही संध्याकाळी पोचलो. मी, मदतनीस बंडू, आणि ठेकेदाराचे सुपरवायझर. घाटाच्या अलीकडे पन्नासेक गाड्या अडकून पडल्या होत्या. एका टपरीवाल्या मामांनी चहाचा धडाका लावला होता, पण पैसे कुणाकडे नव्हते. म्हणजे होते, सगळे मोबाइलमध्ये होते. रोकड बाळगायची सवय आपल्याला राहिलेली नाही. मामा एका पुठ्ठ्यावर उधारी लिहीत होते: 'पांढरी गाडी, ९ चहा. यष्टीतल्या बाई, २ चहा, १ बिस्किट. मुंबईवाले, ६.' मला म्हणाले, "साहेब, रेंज कधी येणार? सकाळी ही मंडळी गेली की माझा पुठ्ठा मी कुणाला दाखवू?"

माथ्यावरच्या केंद्रातून यंत्राने सांगितले, ११.३८० किलोमीटरवर तुटले आहे. हे अंतर काचेचे, रस्त्याचे नव्हे. केबल चेंबरमध्ये वेटोळी करून ठेवलेली असते, आत तंतूही जरा सैल असतो. ते सारे वजा करत रस्त्यावरची जागा काढायची. जागा सापडली ती बंडूमुळे. "दादा, हितं माती ताजी हाय." गटारातला राडा उपसायला आणलेले खोदयंत्र पलीकडेच उभे होते. चालक विशीतला, परमुलखातला पोरगा. "केबल? कसली केबल?" म्हणाला. बंडूने दोन फावडी माती ओढली, तर केबलचे फाटके टोक वर आले. पोराचा चेहरा उतरला. भरपाई पगारातून कापतील या भीतीने त्याने ते पुरून टाकले होते. मी त्याला काही बोललो नाही. पाणी तुंबले असते तर रस्ताच गेला असता, आणि खाली काय आहे हे त्याला कुणी सांगितले होते? त्याला चहा दिला. पुठ्ठ्यावर आणखी एक रेघ वाढली.

सुपरवायझर म्हणाले, "सापडला ना कट? चला, तुकडा टाका, जोडा, निघू." मी म्हटले, खालच्या केंद्रातून मोजणी आल्याशिवाय नाही. आमचा एक गडी दुपारीच मोटारसायकलवरून दगडमातीतून वाट काढत खाली गेला होता. फोन तर बंदच. म्हणून तो मोजून पुन्हा वर आला, तळहातावर बॉलपेनने आकडा लिहून: १०.१४२. शेवटचा २ पावसाने अर्धा पुसला होता.

आता पाहा. जुन्या नोंदीप्रमाणे वरून खालपर्यंत एकूण काच २१.६४०. वरून तुटेपर्यंत ११.३८०, खालून तुटेपर्यंत १०.१४२. दोन्ही मिळून २१.५२२. बाकी ११८ मीटर कुठे गेले? चौथीतल्या मुलालाही ही वजाबाकी येईल, आणि तिचा अर्थ एकच होता. यंत्राच्या दाताने केबल तोडण्यापूर्वी ओढली होती, आणि त्या हिसक्याने ११८ मीटर खाली आणखी एका जागी आतल्या आत तंतू तुटले होते. तिथे वरून काहीच दिसत नव्हते. चेंबरचे झाकण जागच्या जागी, त्यावर गवत. उघडले, आतला जोड-डबा खोलला, तर चोवीसही तंतू मुळापासून उपसून आलेले, कंगव्यात अडकलेल्या केसांसारखे.

म्हणजे ११८ मीटर नवी केबल, वर २४ जोड, खाली २४ जोड. झाकणावरची दगडी फरशी आमच्याने हलेना, तेव्हा तोच पोरगा न सांगता यंत्र घेऊन आला, फरशी उचलली, आणि रात्रभर यंत्राचे दिवे आमच्याकडे तोंड करून लावून ठेवले. गाडीचा मागचा दरवाजा उघडून, वर ताडपत्री बांधून, गुडघ्यांत यंत्र घेऊन मी बसलो. बंडू सोलून, पुसून तंतू देई, मी छाटून जोडी. ओल्या हवेत ठिणगी लहरी होते, म्हणून दर पाच-सहा जोडांनी यंत्र पुसायचे. जे तंतू वापरात आहेत ते आधी, राखीव नंतर.

रात्री दोनच्या पुढे केव्हा तरी पहिला मनोरा जागा झाला. ते आम्हाला यंत्रावरून नव्हे, आवाजावरून कळले. अडकलेल्या सगळ्या गाड्यांतून एकदम टिंग टिंग सुरू झाले. लोक दारे उघडून बाहेर आले. कुणी मोठमोठ्याने घरी बोलत होते, कुणी नुसतेच फोनकडे पाहत होते. आणि मग टपरीवरची पैसे मिळाल्याची खबर देणारी ती डबी बोलू लागली. "नव्वद रुपये प्राप्त झाले." "वीस रुपये प्राप्त झाले." मामा पुठ्ठ्यावर एकेक काट मारीत होते. यष्टीतल्या बाईंना पैसे पाठवता येईनात, तर मुंबईवाल्यांपैकी एकाने त्यांचे भरले. घाटात, पहाटे तीन वाजता, धो धो पावसात ती डबी बोलत राहिली.

पहाटे पाचला चोवीसही तंतूंतून प्रकाश खाली पोचला. सुपरवायझर जांभई देत म्हणाले, "मास्तर, झालं. सगळं चालू आहे. आता आवरा." मी तपासणी लावली. खालच्या गड्याशी आता फोनवर बोलता येत होते. एकेक तंतू, दोन्ही बाजूंनी, दोन्ही प्रकाशांवर. आमच्याकडे १३१० आणि १५५० अशा दोन तरंगलांबींवर मोजतात, आणि त्यात एक हिकमत आहे. तंतूला कुठे अणकुचीदार वाक पडला असेल, तर लांब तरंगाचा प्रकाश त्या वळणावर जास्त सांडतो. दोन्हींवर गळती सारखी असेल तर दोष जोडाचा. १५५०वरच भरमसाठ असेल तर तंतू कुठे तरी चिमटला आहे.

बावीस तंतू नीट होते. शेवटचे दोन, दुसऱ्या नळीतले गुलाबी आणि फिकट निळा, खालच्या डब्यापाशी १३१०वर किरकोळ गळती दाखवत होते आणि १५५०वर त्याच्या कितीतरी पट. दोन्ही राखीव. त्या दिवशी त्यांतून कुणाचाच आवाज जात नव्हता.

"राखीव आहेत हो ते," सुपरवायझर म्हणाले. "वर्षानुवर्षं कुणी हात लावणार नाही. शेजारच्या पिवळ्याचे आकडे उतरवून टाका आणि सही करा. मला आठला दुसऱ्या साइटवर पोचायचं आहे."

त्यांचे बोलणे सर्वस्वी खोटे होते असे नाही. बहुतेक वेळा राखीव तंतूला वर्षानुवर्षे कुणी हात लावत नाही. हात लावतात तो एखाद्या अशाच रात्री, दुसरे सगळे गेलेले असताना, आणि तेव्हा नोंदवहीत 'उत्तम' लिहिलेला तंतू उघडून पाहायला कुणी घाटात येत नाही. त्यावर विसंबतात आणि तासन्‌तास दोष भलतीकडे शोधतात. मी अशा खोट्या वह्यांच्या मागे फिरलो आहे. सही कुणाची असते ते वाचता येत नाही, पण शिव्या त्याच्या नावाने देता येतात.

मी म्हटले, "साहेब, तुम्ही गाडीत जरा पडा. अर्धा तास."

ते पडले, पण झोपले नाहीत. आरशातून पाहत होते. बंडू आणि मी पुन्हा चेंबरमध्ये उतरलो. पाणी पोटरीपर्यंत. बंद केलेला डबा उघडला. गार पडलेल्या बोटांनी झाकण लावताना ताटलीच्या काठावरून दोन तंतू बाहेर सरकून चेपले गेले होते. गुलाबी नुसता सोडवून वळणात नीट बसवला. फिकट निळ्याला चीर गेली होती, तो छाटून पुन्हा जोडला. बंडूचे तोंड एवढेसे झाले. "दादा, झाकण म्या लावलं हुतं." मी म्हटले, "लावलंस तर खरं. आता तूच पुन्हा लाव." त्याने या खेपेस विजेरी दातांत धरून ताटलीच्या चारी कडा बोटाने चाचपल्या, मग कळ दाबली.

खालच्या गड्याला फोन केला. दोन्ही बाजू, दोन्ही तरंग. आकडे आले तसे लिहिले आणि सही केली. रस्ता सातच्या सुमारास खुला झाला. खोदयंत्राचा पोरगा आमच्या आधीच निघून गेला होता; त्याच्या भरपाईचे पुढे काय झाले ते मला कळले नाही. चौकशी केली, तर ठेकेदाराने त्याला दुसऱ्या कामावर पाठवल्याचे सांगितले. मामांनी आमच्या चहाचे पैसे घेतले नाहीत, पण पोराच्या नावावरची रेघ मात्र माझ्याकडून वसूल केली. "त्यो तुमचा पाव्हणा हुता," म्हणाले.

आम्हाला पैसे जोडावर मिळतात, हे सांगायचे राहिले. जितके जोड, तितके पैसे. तपासणीचे, शोधण्याचे, वाट पाहण्याचे वेगळे काही नसते. या पद्धतीत घाई करणाऱ्याला बक्षीस आणि दुसऱ्या टोकाला जाणाऱ्याला दंड आहे, आणि हे बदलायला हवे असे आमच्यापैकी बहुतेकांना वाटते. त्या रात्रीचे बिल महिनाअखेर आले, ४८ जोडांचे. एकोणपन्नासावा, फिकट निळ्याचा, धरलेला नव्हता. मी विचारले, तर हिशेबनीस म्हणाले, "तो आधीच्या अठ्ठेचाळिसांतच होता ना? पुन्हा कशाला धरायचा?" दोन महिने पत्रव्यवहार केला, तपासणीच्या नोंदींच्या प्रती जोडल्या, आणि अखेर तो एक जोड मिळाला. त्या पैशांत मामांच्या टपरीवर दोन चहा आणि एक बिस्किट आले असते. ते बंडूला दिले.